माल्टाची पाषाणमंदिरे: पाच हजार वर्षांपूर्वीचे आपल्याला कळते ते कशावरून?

माल्टाला सुट्टीसाठी जाणारा पर्यटक गोझो बेटावरील जगान्तियाच्या भिंतींसमोर हमखास उभा राहतो आणि मुख्य बेटाच्या वायव्य भागातील स्कोर्बाकडे बहुधा फिरकतही नाही. यात त्याचे काही चुकत नाही. जगान्तियाच्या बाहेरच्या भिंती आजही सुमारे सहा मीटर उंच आहेत, तर स्कोर्बाला एक उभी शिळा, काही बुटके दगड आणि आजूबाजूची शेते यांखेरीज नजरेत भरावे असे फारसे काही नाही. मात्र या बेटांच्या प्रागितिहासाबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, त्यातील फार मोठा भाग स्कोर्बातून हाती आला. जगान्तियाने त्या मानाने फारच थोडे दिले. याचे कारण असे की, एखादे प्राचीन स्थळ किती टिकले आहे यापेक्षा ते केव्हा आणि कोणी उकरले, यावर त्याबद्दलचे आपले ज्ञान अवलंबून असते. माल्टाची सहल आखणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली, तर त्या दगडांकडे आणि त्यांच्या शेजारी लावलेल्या माहितीफलकांकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळच बदलते.

माल्टा हा भूमध्य समुद्रातील, सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेला द्वीपसमूह आहे. त्याचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर असून माल्टा आणि गोझो ही त्यातील दोन मोठी बेटे होत. एवढ्याशा जागेत इ. स. पू. ३६०० ते २५०० या काळात, म्हणजे धातूचे एकही हत्यार हाती नसताना, तेथील शेतकरी समाजाने प्रचंड शिळांच्या डझनावारी वास्तू उभारल्या. त्यांना मंदिरे म्हणण्याचा प्रघात आहे. समोर अंतर्वक्र दर्शनी भिंत, मध्ये दोन उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेले प्रवेशद्वार, आत सरळ जाणारी वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धवर्तुळाकार दालनांच्या जोड्या, असा त्यांचा सर्वसाधारण आराखडा दिसतो. युनेस्कोने १९८० साली जगान्तियाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि १९९२ साली हाजर इम, इम्नायद्रा, तार्शिन, ता' हाज्रात व स्कोर्बा ही पाच स्थळे त्यात जोडली. हाल साफ्लिएनी येथील भूमिगत दफनस्थानाची नोंद १९८० पासूनच स्वतंत्र आहे.

पर्यटन पुस्तिकांमध्ये ही मंदिरे 'जगातील सर्वांत जुन्या वास्तू' म्हणून मिरवली जातात. ते आज खरे नाही. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे त्यांच्याहून हजारो वर्षांनी जुने आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील बार्नेनेझची दगडी दफनवास्तूही जगान्तियाच्या आधीची आहे. इजिप्तच्या पिरॅमिडांहून आणि इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या शिळावर्तुळाहून मात्र माल्टाची मंदिरे नक्कीच जुनी आहेत, आणि ते कसे ठरले ही कथा पुढे येईलच.

उकरले, पण वाचले नाही

जमिनीत गाडल्या गेलेल्या वस्तूचे मोल ती कोणत्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली आणि कशाच्या शेजारी सापडली, यावर ठरते. माणसे एका जागी राहतात तेव्हा राख, खापरे, हाडे, पडलेल्या भिंतींची माती असे एकावर एक साचत जाते. वरचे थर उशिराचे आणि खालचे आधीचे, हे तत्त्व सांगायला सोपे असले, तरी उंदीर-सशांची बिळे, नंतर खणलेले खड्डे आणि नांगरट यांनी थरांची सरमिसळ झालेली असते. म्हणून प्रत्येक थराचा रंग, पोत आणि मर्यादा टिपून तो वेगळा काढावा लागतो. उत्खनन ही मुळात विध्वंसक क्रिया आहे. एकदा काढलेला थर पुन्हा काढून पाहता येत नाही, आणि उरते ती केवळ केलेली नोंद.

जगान्तियातील माती १८२७ साली काढण्यात आली. गोझोचे तत्कालीन प्रशासक ऑटो बायर यांनी मजूर लावून आतील भराव उपसला आणि वास्तू मोकळी केली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे कौतुकाचेच काम होते. परंतु काय कोठे मिळाले याची थरवार नोंद ठेवली गेली नाही आणि निघालेल्या वस्तूंपैकी थोड्याच आज ओळखता येतात. चित्रकार ब्रोश्टॉर्फ यांनी त्यानंतर लवकरच काढलेली जलरंगातील चित्रे हाच आता एक मोठा पुरावा झाला आहे, कारण तेव्हा उभे असलेले काही दगड आणि कोरीव तपशील पुढे नाहीसे झाले. हाजर इमचे १८३९ साली आणि इम्नायद्राचे त्याच्या पुढच्या वर्षी जवळपास असेच झाले.

हाल साफ्लिएनीची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. पाओला या गावात १९०२ साली नवी घरे बांधताना पाण्याच्या टाक्या खोदणाऱ्या कामगारांनी खालच्या पोकळीचे छत फोडले, आणि बांधकाम अडू नये म्हणून सुरुवातीला ही गोष्ट दडवून ठेवण्यात आली. पुढे येशूसंघाचे धर्मगुरू मानुएल माग्री यांच्याकडे उत्खनन सोपवले गेले. १९०७ साली ट्युनिशियात त्यांचे निधन झाले आणि त्यांनी केलेल्या नोंदी नंतर कोणाच्याच हाती लागल्या नाहीत. तोपर्यंत बरीच दालने रिकामी झाली होती.

उरलेले काम थेमिस्टोक्लीज झामिट यांच्याकडे आले. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. माल्टातील ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षे छळणारा 'माल्टा ताप' शेळीच्या कच्च्या दुधातून पसरतो, याचा उलगडा त्यांनी १९०५ साली केलेल्या तपासणीतून झाला. शेळ्यांच्या रक्तात रोगजंतू शोधणाऱ्या माणसाने मातीतही तसेच बारकाईने शोधले, असे म्हणायला हरकत नाही. पाओलापासून जवळच, तार्शिन येथे एका शेतकऱ्याचा नांगर वारंवार मोठ्या दगडांना अडखळत असे. त्याने ते झामिट यांच्या कानावर घातले आणि १९१५ ते १९१९ या काळात तेथे रीतसर उत्खनन झाले. अगदी वरच्या भागात त्यांना जळालेल्या मानवी अस्थी आणि तांब्या-काशाची हत्यारे सापडली; त्याखाली माणसाच्या वावराची फारशी खूण नसलेला मातीचा जाड थर होता; आणि त्याच्याही खाली मंदिराचे दगड, कोरीव काम व मंदिर बांधणाऱ्यांची मृद्भांडी होती. तार्शिनचा हा छेद म्हणजे माल्टाच्या प्रागितिहासाचे पहिले विश्वसनीय वाचन होय: मंदिरे बांधणाऱ्यांना धातू ठाऊक नव्हता, धातू वापरणारे आणि मृतांना दहन देणारे लोक नंतरचे, आणि दोहोंच्या मध्ये केव्हातरी ही वास्तू वापराबाहेर गेलेली होती.

वर्षे मोजण्याचा प्रश्न

थरांवरून 'आधी' आणि 'नंतर' एवढेच कळते, 'किती वर्षांपूर्वी' हे कळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही अडचण सोडवण्याचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे ज्या प्रदेशाचा काळ लिखित साधनांवरून ठाऊक आहे, त्याच्याशी साम्य शोधणे. इजिप्तमधील राजांच्या याद्यांवरून तेथील वर्षे सांगता येत होती. इजिप्तच्या वस्तू ग्रीसमधील स्थळांत सापडत असल्यामुळे त्यांचा काळही लावता येत होता. मग ग्रीसशी साम्य दाखवणारी युरोपातील प्रत्येक गोष्ट तेथूनच आली आणि म्हणून तिच्या नंतरची, असे गृहीत धरले जाई. तार्शिनच्या शिळांवर सुंदर सर्पिल नक्षी आहे. तशीच दिसणारी नक्षी ग्रीसमधील मायसीनी येथील राजघराण्याच्या थडग्यांवर होती आणि ती थडगी इ. स. पू. सोळाव्या शतकाच्या सुमाराची होती. तेव्हा एवढी प्रगत कला एका कोपऱ्यातल्या बेटावर आपोआप कशी उमलेल, ती पूर्वेकडच्या संस्कृतीची नक्कलच असणार, असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, मंदिरे प्रत्यक्षाहून हजार वर्षांपेक्षा अधिक अलीकडची मानली गेली. या तर्कातील खरी मेख अशी की, साम्य हा पुरावा मानला गेला, पण कोणी कोणाकडून घेतले हे आधीच ठरवून टाकलेले होते.

हा डोलारा रेडिओकार्बन पद्धतीने कोसळवला. हवेतील कार्बनमध्ये 'कार्बन-१४' नावाच्या किरणोत्सारी प्रकाराचा अत्यल्प अंश असतो. झाडे तो हवेतून घेतात आणि प्राणी झाडांतून घेतात, त्यामुळे जिवंतपणी शरीरातील त्याचे प्रमाण हवेशी साधारण जुळलेले राहते. मृत्यूनंतर भर पडणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणून कोळसा, हाड किंवा जळके धान्य यांत किती कार्बन-१४ उरला आहे ते मोजले, तर ते जीव केव्हा मेले याचा अंदाज बांधता येतो. विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत सिद्ध केली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पर्यटकांच्या गटात तीवरून हमखास गैरसमज होतो. या पद्धतीने शिळेचे वय कळत नाही. चुनखडक लाखो वर्षांचा असतो आणि तो केव्हा उभा केला गेला, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. वय कळते ते शिळेखाली किंवा फरशीखाली दडलेल्या कोळशाचे. माल्टाच्या मंदिरांत चुनखडकाचा चुरा पाणी शिंपडून, धुमसून घट्ट केलेली जमीन असे. तिला तेथे 'तोर्बा' म्हणतात. अशी जमीन फुटलेली नसेल, तर तिच्याखालचा कोळसा तिच्या आधीचा असलाच पाहिजे, आणि म्हणून ती जमीन त्या तारखेनंतर केव्हातरी घातली गेली एवढे ठामपणे म्हणता येते. ज्या वास्तूतील भराव फरशीपर्यंत उपसून टाकला गेला, तिच्याबाबतीत हा मार्ग जवळजवळ बंद होतो. जगान्तियाचा काळ म्हणूनच मुख्यत्वे इतर स्थळांशी, विशेषतः मृद्भांड्यांच्या घाटाशी व नक्षीशी तुलना करून ठरवावा लागला.

आता स्कोर्बाचे महत्त्व लक्षात येईल. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ट्रम्प यांनी १९६१ ते १९६३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा ते स्थळ आधीच्या उपसाउपशीपासून बहुतांशी बचावलेले होते. मंदिराच्या खाली आणि शेजारी त्यांना त्याहून जुन्या वस्तीचे थर मिळाले: झोपड्यांच्या भिंतींचे पाये, जळालेले गहू, जव व मसूर यांचे दाणे, शेळ्या-मेंढ्या, गुरे आणि डुकरे यांची हाडे, आणि एकाच्या वर एक अशा क्रमाने बदलत गेलेली मृद्भांडी. यांपैकी दोन प्रकारांना स्थळावरूनच 'करडे स्कोर्बा' आणि 'तांबडे स्कोर्बा' अशी नावे पडली. पहिले शेतकरी बेटावर आल्यापासून पहिले मंदिर उभे राहीपर्यंतची साखळी येथे तुटक न राहता जोडली गेली आणि त्यातील कोळशाने तिला वर्षांचे आकडेही दिले.

ते आकडे धक्कादायक होते, पण अजून पुरेसे नव्हते. लिबी यांच्या पद्धतीत हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सदैव सारखेच होते, असे गृहीत धरलेले होते. ते तसे नसते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि अवकाशातून येणारे किरण यांच्या बदलांनुसार ते कमी-जास्त होते. हे तपासायला कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरील ब्रिसलकोन पाइन या झाडांचा उपयोग झाला. ही झाडे चार हजार वर्षांहून अधिक जगतात, दरवर्षी खोडात एक वलय वाढते, आणि मेलेल्या झाडांची वलये जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवून हा क्रम आणखी मागे नेता येतो. ज्याचे वर्ष मोजून ठाऊक आहे, अशा वलयातील लाकडाची रेडिओकार्बन चाचणी घेतली की यंत्र किती चुकते ते उघड होते. हान्स स्यूस यांनी १९६० च्या दशकात केलेल्या या तुलनेतून दिसले की, प्रागैतिहासिक काळातील तारखा शेकडो वर्षांनी अलीकडे दाखवल्या जात होत्या. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेने ४,४०० कार्बन-वर्षे असे वय सांगितले, तर सरळ हिशेबाने ती वस्तू इ. स. पू. २४५० ची ठरते, परंतु दुरुस्तीनंतर ती इ. स. पू. ३००० च्या आसपासची निघते. अशी दुरुस्ती करताच माल्टाची मंदिरे पिरॅमिडांच्याही मागे गेली, मात्र मायसीनीचा काळ इजिप्तच्या लिखित याद्यांवर आधारलेला असल्यामुळे जेथल्या तेथेच राहिला. ज्याने नक्कल केली असे मानले जात होते, तोच ज्याची नक्कल झाली त्याच्या हजार-दीड हजार वर्षे आधीचा ठरला. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या उलथापालथीचा अर्थ विस्ताराने मांडला, आणि 'सगळे काही पूर्वेकडून आले' हा युरोपच्या प्रागितिहासाचा जुना सांगाडा त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही.

छत कोठे गेले?

हाजर इम आणि इम्नायद्रा ही स्थळे दक्षिण किनाऱ्यावर, एकमेकांपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर आहेत आणि दोन्ही पायी पाहता येतात. त्यांतील फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. हाजर इमच्या मऊ, पिवळसर चुनखडकावर वारा-पावसाने खळगे पाडले आहेत; इम्नायद्राचा बराचसा भाग कठीण, करड्या प्रवाळजन्य चुनखडकाचा असल्यामुळे अधिक ठणठणीत वाटतो. हाजर इममधील एका शिळेचे वजन २० टनांहून अधिक भरते. तार्शिनला दगडाचे गोळे सापडले असून त्यांवरून शिळा घरंगळत आणल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. २००९ साली या दोन स्थळांवर आणि त्यानंतर काही वर्षांनी तार्शिनवरही तंबूसारखी मोठी आच्छादने उभारण्यात आली. छायाचित्रे बिघडतात म्हणून त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात; परंतु मऊ चुनखडकाला उघड्यावर ठेवणे म्हणजे तो हळूहळू गमावणे होय, आणि माझ्या मते येथे छायाचित्रकारांनी नमते घेणेच योग्य.

या आच्छादनांखाली उभे राहिल्यावर साहजिक प्रश्न पडतो की, मूळ छत कसे होते? एकाही मंदिराचे छत शिल्लक नाही. भिंतींचे वरचे थर थोडे थोडे आत झुकत जातात, एवढी एक खूण जागेवर दिसते. दुसरी खूण ता' हाज्रात येथे मिळालेल्या, तळहातावर मावेल अशा दगडी प्रतिकृतीत आहे. तिच्यात छतासह वास्तू कोरलेली आहे. आणि तिसरी, सर्वांत बोलकी खूण जमिनीखाली आहे. हाल साफ्लिएनीच्या मधल्या मजल्यावरील दालने अखंड खडकात कोरलेली असूनही कोरणाऱ्यांनी तेथे खोटे खांब, खोट्या आडव्या शिळा आणि वर आत आत सरकत जाणारे दगडी थर असे मंदिराचे हुबेहूब रूप साकारले. भाजे किंवा कार्ले येथील चैत्यगृह पाहिलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. तेथे लाकडी इमारतींच्या फासळ्या, तुळया आणि सज्जे दगडात कोरलेले आहेत, आणि त्या इमारती केव्हाच कुजून गेल्या असल्या, तरी त्या कशा दिसत होत्या हे आपल्याला दगड सांगतो. माल्टात नक्कल लाकडाची नसून दगडी बांधकामाची आहे, एवढाच फरक. वरच्या वास्तूचे हरवलेले छत खालच्या खडकात जपलेले आहे. सर्व थर शेवटी दगडानेच मिटवले होते की मधला भाग लाकूड व मातीने झाकला होता, यावर मतभेद आहेत.

हाल साफ्लिएनी तीन मजल्यांचे असून सर्वांत खोल भाग रस्त्याच्या पातळीपासून दहा मीटरांहून थोडा अधिक खाली आहे. काही छतांवर गेरूने काढलेली वेटोळी अजून दिसतात. येथे सुमारे ७,००० माणसांचे अवशेष होते, असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा झामिट यांनी एका लहान भागातील हाडांवरून बांधलेला अंदाज आहे, मोजणी नव्हे. तो खरा धरला तरी, वापराचा काळ हजार-दीड हजार वर्षांचा असल्याने दरवर्षी सरासरी चार ते सात माणसे, एवढाच त्याचा अर्थ होतो. महामारीची किंवा सामूहिक बळींची कल्पना करण्याचे त्यात काही कारण नाही. लांबट कवट्यांच्या रहस्यमय वंशाची जी कथा समाजमाध्यमांवर फिरते, तिला तर मुळीच आधार नाही.

याउलट गोझोवरील शाआराच्या दफनवर्तुळाचे उत्खनन १९८७ ते १९९४ या काळात आधुनिक पद्धतीने झाले. तेथे दोन लाखांहून अधिक अस्थिखंड मिळाले आणि प्रत्येकाची जागा नोंदवली गेली. मृतदेह आधी एका ठिकाणी ठेवत, मग हाडे सुटी झाल्यावर ती हलवून, प्रकारांनुसार वेगळी करून रचत, हे या नोंदींमुळेच कळले. हाल साफ्लिएनीतही असेच होत असावे, पण तेथील बहुतेक हाडे आणि ती कशी पडली होती याची माहिती, दोन्ही नाहीशी झाली आहेत.

देवी, सूर्य आणि सावध वाचन

व्हॅलेट्टा येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात स्थूल देहाच्या अनेक मूर्ती आहेत. हाल साफ्लिएनीतील 'निद्रिस्त स्त्री' ही जेमतेम १२ सेंटिमीटर लांबीची मृण्मूर्ती त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि ती खरोखरच इतकी सुंदर आहे की, तिच्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. तार्शिनच्या मोठ्या मूर्तीचा मात्र घागऱ्यासारखे वस्त्र ल्यालेला खालचा अर्धा भागच उरला आहे. या मूर्तींवरून येथे मातृदेवतेची उपासना चालत असे, असे पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांनी आग्रहाने मांडले आणि मार्गदर्शक आजही तेच सांगतात. अडचण अशी की, यांतील बऱ्याच मूर्तींना स्त्रीत्वाची किंवा पुरुषत्वाची स्पष्ट खूणच नाही. त्या देवता आहेत, पूर्वज आहेत की पुजारी आहेत, हे मूर्ती पाहून ठरत नाही. तार्शिनच्या एका वेदीच्या पोकळीत चकमकीच्या दगडाची सुरी आणि प्राण्यांची हाडे मिळाली, म्हणून तेथे पशुबळी किंवा नैवेद्यासारखे काही होत असावे, हे विधान त्या मानाने भक्कम पायावर उभे आहे.

सूर्याच्या बाबतीतही असाच विवेक हवा. इम्नायद्राच्या दक्षिण मंदिराचे तोंड पूर्वेला आहे. विषुवदिनी उगवत्या सूर्याचा प्रकाश दारातून सरळ आतपर्यंत जातो, आणि दोन्ही अयनदिनी तो आतील द्वाराच्या एका किंवा दुसऱ्या बाजूच्या शिळेच्या कडेवर पडतो. दृश्य विलक्षण आहे आणि ही योजना जाणूनबुजून केलेली असावी, असे मलाही वाटते. परंतु माल्टातील बहुसंख्य मंदिरांची तोंडे आग्नेय ते नैर्ऋत्य या टप्प्यात आहेत आणि त्यांत हा खेळ दिसत नाही. एका वास्तूवरून सगळ्या मंदिरांना वेधशाळा म्हणणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होय.

इ. स. पू. २५०० नंतर लवकरच ही परंपरा थांबली. पूर्वी आक्रमण, रोगराई, दुष्काळ यांपैकी आवडेल ते कारण सांगितले जाई. अलीकडच्या काळात जमिनीत खोलवर नळी घालून काढलेल्या गाळातील परागकण व माती तपासल्या गेल्या, आणि त्यांवरून झाडोरा कमी होत जाणे, सुपीक माती वाहून जाणे आणि हवामान अधिक कोरडे होणे, असे दीर्घकाळ चाललेले चित्र समोर आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात शाआरा येथील माणसांचा समाज लहान आणि काहीसा एकाकी असल्याची, तसेच निकटच्या नात्यांत संतती झाल्याची चिन्हे आढळली. हाडांच्या रासायनिक तपासणीत आणखी एक गंमत दिसली, जी कोकणातल्या माणसाला पटणे कठीण जाईल: चहूबाजूंनी समुद्र असताना या लोकांच्या आहारात मासळीचा वाटा फार थोडा होता. त्यांचा समुद्राशी संबंध नव्हता असेही नाही, कारण लिपारी व पँटेलेरिया या बेटांवरील काळी ज्वालामुखीय काच आणि सिसिलीतील चकमकीचा दगड ते आणत होते.

त्यांच्या आधी येथे येऊन गेलेल्यांचे वागणे नेमके उलटे होते. माल्टाच्या उत्तरेस लातनिया येथील उत्खननाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले आणि शेतीपूर्वीचे शिकारी सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच बेटावर पोचले होते, हे त्यांतून सिद्ध झाले. चुलींच्या राखेत हरणांसोबत मासे, सील आणि भरपूर शिंपले होते. शिडाच्या होड्यांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी त्यांनी सुमारे १०० किलोमीटर खुला समुद्र ओलांडला होता. बेटावर पहिले पाऊल शेतकऱ्यांनी ठेवले, असे सांगणारे जुने फलक आणि पुस्तिका आता बदलाव्या लागतील.

पाहण्याचा क्रम

सुरुवात व्हॅलेट्टातील संग्रहालयापासून करावी, कारण मंदिरांतील मूळ मूर्ती व कोरीव शिळांपैकी बऱ्याच तेथे हलवलेल्या आहेत आणि तार्शिनला आपण पाहतो त्या अनेक शिळा प्रतिकृती आहेत. हाल साफ्लिएनीत दिवसाला सुमारे ८० माणसांनाच प्रवेश मिळतो, कारण माणसांच्या श्वासातील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड गेरूच्या चित्रांना व खडकाला बाधतात. त्यामुळे हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून तिकीट शक्य तितके आधी काढावे आणि विमानाच्या तारखा त्यानुसार बेताव्यात. आत छायाचित्रणाला मनाई आहे. तार्शिन तेथून चालत जाण्याजोगे असल्याने दोन्ही एकाच दिवशी उरकतात. हाजर इम व इम्नायद्रासाठी सकाळची वेळ बरी, आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच. गोझोला चिर्केव्वाहून फेरीबोटीने साधारण २५ मिनिटांत पोचता येते. ता' हाज्रात आणि स्कोर्बा ही स्थळे मोजक्याच वेळी उघडी असतात, तेव्हा वेळापत्रक पाहूनच निघावे.

वाटेत दिंगलीजवळ खडकात कोरल्यासारख्या समांतर चाकोऱ्या दिसतील. त्यांना कोणताही मार्गदर्शक सहज 'प्रागैतिहासिक' म्हणेल. उघड्या खडकातील चरांत ना थर असतात ना त्यांच्याच काळचा कोळसा, म्हणून त्यांचा काळ लावणे फार अवघड आहे. काही ठिकाणी मात्र फिनिशियन वंशाच्या प्युनिक लोकांनी खोदलेली थडगी या चाकोऱ्यांना मधोमध छेदून गेली आहेत, आणि त्यावरून निदान त्या चाकोऱ्या तरी थडग्यांच्या आधीच्या आहेत, एवढे कोणत्याही उपकरणाविना, नुसत्या डोळ्यांनी जागेवर ताडून पाहता येते.